दुपारची गोळी

हे कोणी मानायचं नाही. गावात तर नाहीच, कारण गावात माझं खरं बोलणंही निम्मं कापून घेतात. तरी सांगतो. तीन दिवसांमागे सकाळी दहाच्या पेजेला आमच्या आनंदीचा हात वाटीतून वर निघाला, तोंडाकडे जाता जाता वाटेत थांबला, आणि तिथंच राहिला. चमच्यात पेज, पेजेत लोणच्याची फोड, आणि सांडलं काहीच नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ मिनिटं. लोकांना मी पाऊण तास सांगतो. आज कुडाळच्या दवाखान्यात आमचा नंबर लागायचा होता, सूनबाई रसिका खिडकीवर नाव द्यायला गेली होती, आनंदी माझ्या डाव्या हाताला भिंतीकडे बघत बसली होती आणि उजव्या हाताला शिरोड्याची एक बाई गुडघे चोळत होती. तिला मी सांगितलं की पाऊण तासात एक चिमणी खिडकीतून आली, चमच्यातली पेज खाल्ली, आनंदीच्या मनगटावर चोच पुसली आणि गेली. बाई गुडघे चोळायची थांबली. चोच दोन्ही बाजूंनी पुसली, मी म्हटलं, घरंदाज चिमणी. बाई हसली आणि मला त्या हसण्याने बरं वाटलं, हे मी लपवत नाही. बायकोला दवाखान्यात आणलेलं असताना मला बरं वाटलं. मग बाईने सहज विचारलं, "आणि तुमी खंय होतास त्या येळार?" म्हटलं, "समोर. तिच्या समोरच." ती म्हणाली, "मगे हात धरूक नाय?" आणि पुन्हा गुडघे चोळायला लागली.

हात का धरला नाही. आनंदीच्या त्याच हाताकडे मी बघितलं, तो आता मांडीवर होता, अंगठा तर्जनीवर घासत होता, तांदळातला खडा चाचपावा तसा, आणि त्या घासण्याला थांबणं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या नऊ मिनिटांत मला वाटत होतं की ती काहीतरी बोलणार आहे. हात असा वर थांबवून बोलायची तिची सवय. वाढता वाढता डाव थांबवायची आणि सांगायची, आणि सांगून झाल्यावर वाढायची. जेवणारा ताटावर हात धरून बसलेला. मी वाट बघत होतो, आणि ती बोलू नये असंही मला वाटत होतं. दोन्ही एकदम. तेवढ्यात रसिका विहिरीवरून आली, कळशी खाली ठेवून तिने तो चमचा सोडवून घेतला, बोटं एकेक करून उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमी बघत बसलास?" लागोपाठ दोन बायकांनी एकच गोष्ट विचारली. दोघींच्या मध्ये तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत मी आनंदीला दुपारची गोळी दिली नाही. हे फक्त मला माहीत होतं.

गोळीकडे येतो. आधी सहदेव सांगायला हवा, कारण सहदेवाशिवाय गोळी कळायची नाही. सहदेव आनंदीचा मोठा भाऊ, हाडाचा दर्यावर्दी. तीसेक वर्षांपूर्वी त्याची होडी खडकापलीकडे उपडी झाली आणि तो तिच्या पाठीवर पालथा पडून एक रात्र आणि एक दिवस तरंगत राहिला. शिरोड्याच्या बाजूच्या रापणकरांनी, किनाऱ्यावरून मोठी जाळी लावणाऱ्या कोळ्यांनी, त्याला ओढून काढला. त्यानंतर पंधरा वर्षं जगला आणि घरच्या घरी, काविळीने गेला. मी त्या वेळी परळला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होतो. एकतीस वर्षं मी कांदा चिरला, आणि कांद्याची गोष्ट ऐकायला कोणी थांबत नाही. गावी परत आलो तेव्हा सहदेव जाऊन वर्ष झालं होतं, आणि ती होडी तशीच मोकळी पडली होती. मी तिच्यावर चढून बसलो, म्हणजे गोष्टीत. पहिल्यांदा पाहुण्या मुलांना सांगताना 'आमचा सहदेव' असं म्हटलं होतं, नंतर 'आम्ही', आणि कधीतरी 'मी'. कधी ते आठवत नाही. एक कासव आलं, ते मी घातलं. कासवाने होडीला खालून खांदा दिला. रापणकरांच्या जाळ्यात मी सापडलो तेव्हा त्यांना वाटलं मोठा मोरी मासा लागला, आणि तिथल्या तिथे बोली सुरू झाली. तेही मीच घातलं. आनंदी आत चुलीपाशी ऐकायची आणि काही बोलायची नाही. इतकी वर्षं तिने मला तिच्या भावाच्या होडीवर बसू दिलं.

मग निकेतने, आमच्या मुलाने, घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. तो स्वतः स्कुबावाल्यांच्या होडीवर, रसिका रांधणार, आणि मी? मी जेवणानंतर, गजाली, आमच्याकडे गोष्टींना म्हणतात त्या, सांगायला. पुण्याची, कोल्हापूरची माणसं सुरमईचं ताट संपवून माडाखालच्या खळ्यात, अंगणात, आडवी व्हायची आणि मी होडी उपडी करायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझी वाट बघितली जात होती. नेमक्या त्याच वर्षी आनंदीचं विसरणं सुरू झालं. आधी मीठ दोनदा, मग मीठ नाहीच, मग रसिकाला 'तू कोणाची गो?'. मग सहदेव येऊ लागला. तुळशीपाशी उभा असतो म्हणायची, भिजलेला आहे, त्याला टॉवेल द्या. मी टॉवेल नेऊन तुळशीपाशी ठेवायचो, त्यात काय जातं. पण एकदा रसिका तिला न्हाऊ घालायला गेली तर तिने रसिकाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, कोण ही बाई माझं लुगडं सोडते म्हणून. रक्त आलं. आठवडाभर तसंच, ओरडणं, ताट भिरकावणं, एकदा पेटता गॅस तसाच ठेवून समुद्राकडे निघालेली. तेव्हा तिला कुडाळला नेली. त्या वेळचे डॉक्टर वयस्कर होते, आता ते नाहीत तिथे. त्यांनी अर्धी गोळी लिहिली. म्हणाले, अर्धीच, रात्री जेवल्यावर, पंधरा दिवस, मग मला दाखवा. म्हाताऱ्या माणसाला ही गोळी सांभाळून द्यायची असते. त्या अर्ध्या गोळीने तिला झोप लागली आणि घरालाही झोप लागली. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो नाही. हंगाम होता, खोल्या भरलेल्या होत्या. औषधवाल्या गुरुप्रसादला मी जुनीच चिठ्ठी दाखवली. "चिठ्ठी आसा मा? मगे झालां," तो म्हणाला. चिठ्ठीचे पंधरा दिवस अकरा महिने चालले. इथवर मला कोणी फार बोल लावणार नाही. विसरलो म्हणेन, सगळेच विसरतात.

पण दुपारची गोळी मी विसरून दिलेली नाही. चावणं, ओरडणं रात्रीच्या अर्ध्या गोळीने थांबलं होतं. राहिलं होतं ते फक्त तिचं बोलणं. मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब होतं. मी होडीच्या पाठीवर होतो, कासव यायच्या बेतात होतं, आणि आनंदी हातातला पदर पिळत खळ्यात आली, माझ्या शेजारी बसली आणि पाहुण्यांना म्हणाली, "ह्ये खंयचे? ह्ये परळाक कांदे कापीत हुते. होडयेर सहदेव हुतो." पाहुणे हसले. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी उठून तिच्या पायाशी बसली, "आजी, आजोबा फेकतायत ना? तुम्हीच सांगा." आणि आनंदीने सांगितलं. जिला सकाळचा चहा घेतलेला आठवत नव्हता तिने सहदेवाची रात्र सगळी सांगितली, कोणत्या दिशेचा वारा होता, होडीला कोणती दोरी होती, आणि शेवटी म्हणाली, "आणि तो रडलो. आवशीक हाका मारून रडलो. ह्यां ह्ये कधीच सांगनत नाय." आईला हाका मारणाऱ्या सहदेवावर कोणी हसलं नाही. त्या मुलीचे डोळे भरून आले. मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो आणि आतच राहिलो. चार दिवसांनी रसिकाने जेवताना मोबाइलवर वाचून दाखवलं, पाहुण्यांनी लिहिलं होतं: 'आजोबा छान फेकतात, पण आजी म्हणजे आजीच. आजींसाठी पुन्हा येऊ.' निकेत हसता हसता म्हणाला, "बाबा, तुमची जागा गेली. आता आवशीक बसवया खळ्यात." मीही हसलो. मला लाज वाटली नव्हती, लाज वाटली म्हटलं तर तेही फेकणं होईल. मला राग आला होता. शहात्तराव्या वर्षी, बुद्धी हरवत चाललेल्या बायकोवर मी जळत होतो, आणि ते जळणं इतकं ताजं होतं की त्याने मला तरुण वाटत होतं.

आता आमच्याकडे असं असतं की माणसाला एखादी गोष्ट करायची असते आणि करवत नाही, तेव्हा तो देवाला कौल लावतो. भिजलेल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी सकाळी लवकर देवळात गेलो, दुसरं कोणी नसताना. गुरवाने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं मी स्वतः घातलं: "बा देवा म्हाराजा, घराक इल्या-गेल्या पावण्यांपुढे जो काय अडथळो येता, तो दूर करूक माका मोकळीक आसा काय? आसात तर उजवो दी." गुरव म्हणाला, "व्हय म्हाराजा." बायको म्हटलं नाही, गोळी म्हटलं नाही. वाट बघताना पाषाणावरून पाण्याचा ओघळ येत होता, आणि पाकळी उजवीकडची सुटली. सुटायचीच होती, उजवीकडे पाणी जास्त लागलं होतं, हे मी बघितलं होतं. गुरवाने ती माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "अडथळो कसलो रे भिकाजी?" मी म्हटलं, "कुत्र्यांचो. खळ्यात येतत आणि भुंकतत." तो म्हणाला, "मगे त्येका देव कित्याक होयो? काठी घे." या तोंडाने मी आयुष्यात जितकं काही रचलं त्यातलं हे एक वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. कासवावर कोणी विश्वास ठेवला नाही तरी चालेल. कुत्र्यांवर गुरवाने ठेवला.

दुपारची गोळी मी अख्खी देत असे. पाहुणे जेवायला बसायच्या तासभर आधी, गुळाच्या खड्यात दाबून, वर पाणी. दारी आलेल्याला आपण गूळ-पाणी देतो तसं. ती तोंड उघडण्याआधी एकदा माझ्याकडे बघायची आणि मग उघडायची. पहिल्या आठवड्यातच खळं माझं मला परत मिळालं. ती खुर्चीत बसून राहायची, पाहुणे म्हणायचे, किती शांत आहेत आजी. मी होडी उपडी करायचो, कासव आणायचो, बोली लावायचो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी पाहुण्यांकडे बघतच नाही, तिच्याकडे बघून सांगतो आहे. कासवापाशी मुद्दाम थांबायचो. आता म्हणेल. ती म्हणायची नाही. पापणी लवायची नाही. तिचा चेहरा गुळगुळीत होत गेला, सुरकुत्या होत्या पण त्या काही सांगत नव्हत्या. पावलं आखूड झाली; सपाता उचलल्या न जाता फरफटत यायच्या, आणि तो आवाज आतून येताना ऐकला की मी गोष्ट लांबवायचो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, रसिका पुसायची. श्रावणात ती तुळशीपाशी पडली, कपाळावर टेंगूळ आलं, आणि मी सगळ्यांना सांगितलं की शेवाळ, शेवाळ फार झालंय. सहदेव येईनासा झाला होता. टॉवेल आठ-आठ दिवस तुळशीपाशी वाळत पडायचा. एका माणसाची गोष्ट मी घेतली होती, ती त्याच्या बहिणीकडे थोडी उरली होती, तीही मी गुळातून बंद केली. रसिका एकदाच म्हणाली, "बाबा, गोळयेचां पाकीट बेगीन सोपता." मी म्हटलं, हल्ली पाकिटात गोळ्या कमी भरतात. तिने माझ्याकडे बघितलं आणि विषय सोडला. सून सासऱ्याला तोंडावर खोटं पाडत नाही, आमच्याकडे तशी रीत आहे, आणि मी त्या रीतीच्या आडोशाला उभा होतो.

आता डॉक्टर संचिता. आठवड्यातून दोनदा कुडाळला येतात, रसिकाच्याच वयाच्या. नंबर लागून आम्ही आत गेल्यावर त्या माझ्याशी बोलण्याआधी आनंदीसमोर स्टूल ओढून बसल्या, तिचं नाव विचारलं, आणि ते यायला लागला तेवढा वेळ थांबल्या. मग तिचा कोपर हातात घेऊन हळूहळू वाकवला. हात सरळ वाकेना, टप्प्याटप्प्याने वाकला, दातेरी चाक फिरावं तसा. त्यांनी तिला चालायला लावलं, वळायला लावलं; वळताना तिने सात-आठ बारीक पावलं घेतली. मी मोजत होतो, दुसरं काय करणार. जुनी चिठ्ठी त्यांनी उजेडात धरली. "ही पंधरा दिवसांची होती. किती महिने चालू आहे?" मी म्हटलं, "अकरा, मॅडम. आमचं चुकलंच." कबुली अशी द्यावी, लहान, पुढे केलेली, मोठी मागे राहते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या वयात या गोळीने अंग ताठतं, चालणं बिघडतं, माणूस पडतो. म्हणून नीट सांगा. गोळी कोण देतं?" रसिका म्हणाली, "बाबाच देतात." "किती?" मी म्हटलं, "अर्धी. रात्री जेवल्यावर. घड्याळ लावून देतो, मॅडम, एक दिवस चुकला नाही." घड्याळ कुठून आलं कोण जाणे. नेहमी असंच येतं, मागे काही नसताना. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "फक्त अर्धी? दिवसातून एकदाच? नक्की?" "नक्की," मी म्हटलं. रसिका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. डॉक्टरांनी तिचा कोपर पुन्हा एकदा वाकवून बघितला आणि म्हणाल्या, "अर्ध्या गोळीने सहसा इतकं होत नाही. मग हा कंपवात असावा, वेगळा आजार. त्याची गोळी सुरू करू, दिवसातून तीनदा. त्याने कधी कधी भास वाढतात, म्हणून ही रात्रीची अर्धी सध्या बंद करत नाही." आणि त्यांनी पेन उचललं.

त्या लिहीत होत्या आणि मला अक्षर न् अक्षर दिसत होतं. तीनदा. माझ्या एका वाक्याने आनंदीच्या पोटात रोज तीन गोळ्या जाणार होत्या, तिला नसलेल्या आजारावर. आणि जुनी अर्धी होतीच. आता बोल, मी स्वतःला म्हटलं, पेन कागदावर आहे तोवर बोल. त्याऐवजी मी एक बेत केला, तो मला चांगला वाटला हे सांगायला हवं: चिठ्ठी घ्यायची, नवी गोळी आणायची आणि द्यायचीच नाही, दुपारची तर बंद केलीच आहे, रात्रीची आपणच हळूहळू सोडवायची, कोणाला न सांगता, आणि ती सुधारली की म्हणायचं, बघा, डॉक्टरबाईंच्या हाताला गुण आहे. बायको बरी होते, बाई मोठी होते, मी कुठेच नाही. आयुष्यात मी रचलेली ही एकच गोष्ट ज्यात मी नव्हतो. पण ती रचतानाच मला कळत होतं की पुढच्या आठवड्यात खोल्या भरलेल्या आहेत, नाशिकचे सहा जण येताहेत, आणि जेवणानंतर ते खळ्यात आडवे होतील. डॉक्टरांनी सही केली. कागद फाडला. मी हात पुढे केला.

कागदावर आधी आनंदीचा हात पडला. त्या हाताला माझ्या शेजारून टेबलापर्यंत यायला किती वेळ लागला असेल, ते मी फुगवून सांगणार नाही. मला तो येताना दिसलाच नाही. जबडा हलायला लागला होता, ओठ जुळत होते आणि सुटत होते. डॉक्टर खुर्चीतून पुढे झुकल्या. रसिकाने कॅलेंडर सोडलं. आवाज आला तो जाड होता, एकेका शब्दाला थांबत आला, आणि तिने बघितलं माझ्याकडे, गुळाच्या खड्यासाठी तोंड उघडण्याआधी बघायची तसं.

"खोटां सांगतास," आनंदी म्हणाली. "दुपारची अख्खी देतास, ती सांगूक नाय. तुमका गजाली सांगूक मिळांदेत म्हणान मी मुकाट गिळतंय."